स्विफ्टची चाकं आणि बाकीचा सरंजाम: रत्नागिरी–लांजा नोंदवही

११ फेब्रुवारी २०२४

गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१९ च्या दिवाळीनंतर घेतलेली. लोखंडी रिम, १४ इंची. टायर १६५/८० आर १४, गाडीबरोबर आले तेच. रोजचा रस्ता रत्नागिरी–हातखंबा–पाली–लांजा, संध्याकाळी तोच उलटा. सुट्टीत कधी पावस, कधी आंबा घाट चढून कोल्हापूरला माहेरी.

आज चारही टायर नीट बघितले. खाचेची खोली मोजायचा गेज ऑनलाइन दीडशे रुपयांत मिळतो. पुढचे दोन्ही पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास, मागचे साडेतीन. नवा टायर आठच्या जवळपास असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत कारसाठी किमान १.६ मिमी सांगितलंय, म्हणजे कागदोपत्री अजून बरंच आयुष्य शिल्लक आहे. पण जैसलमेरला जो नियम तोच रत्नागिरीला. इथे जुलैत हातखंब्याच्या बाजूला रस्त्यावरून पाणी आडवं वाहतं. तीन मिलिमीटरच्या खालच्या खाचा तेवढं पाणी बाहेर फेकू शकत नाहीत.

साइडवॉलवर शेवटचे चार आकडे ३४१९, म्हणजे २०१९ चा चौतिसावा आठवडा. रबरावर केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्यात. पावसाच्या आत टायर बदलायचे हे ठरलं.

आणि टायर बदलायचेच तर पंधरा इंची अलॉय का नको, हा कोल्हापूरच्या भावाचा जुना धोशा. त्यामुळे ही वही. गेल्या चार वर्षांत गाडीत जो सरंजाम चढलाय (सीटकव्हर, मॅट, मागच्या बंपरची नळी, डॅशबोर्डवरचं अत्तर) त्याचाही यातच हिशोब घेणार आहे. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: सकाळी सव्वानऊला लांज्याला बँकेत पोचताना ही कामाला येते की आड येते?

१८ फेब्रुवारी

आकडेमोड. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची (रुंदीच्या टक्क्यांत), तिसरा रिम इंचांत. त्यावरून चाकाचा पूर्ण व्यास काढता येतो.

आत्ताचा १६५/८० आर १४: साइडवॉल १३२ मिमी, व्यास सुमारे ६२० मिमी.
१८५/६५ आर १५: साइडवॉल १२०, व्यास ६२१.५. फरक अर्धा टक्कासुद्धा नाही.
१९५/५५ आर १६: साइडवॉल १०७, व्यास ६२१. व्यास जमतो, पण रस्ता आणि रिम यांच्यामधलं रबर अडीच सेंटीमीटरने कमी.
२०५/६५ आर १५: व्यास साडेसहाशेच्या जवळ, साडेचार टक्के जास्त. मीटर ८० दाखवेल तेव्हा आधीच्या मानाने गाडी साडेतीन-चारने जास्त वेगात असेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या लायनरला (चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकला) घासायची शक्यता. हा साइज बाद.

१८५/६५ आर १५ हा स्विफ्टच्या झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला कंपनीच देते. त्यामुळे सस्पेन्शन, स्पीडोमीटर, विमा, आरटीओ, कुठेच आडकाठी येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात तेच उचलून धरलं. रस्त्यावर टायरचा साइज बघायला कोण थांबवतंय, असं सगळे म्हणतात. खरं आहे, कोणी थांबवत नाही. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयर बघतो. बँकेत वाहन कर्जाच्या फायली हाताळून एवढं तरी कळलंय.

२४ फेब्रुवारी, चौथा शनिवार

कोल्हापूर. भाऊ दुकानात माझ्या आधीच हजर, एका काळ्या सोळा इंची सेटवर हात ठेवून.

‘‘अगं सोळा घाल की! गाडी कशी रुबाबात दिसंल बघ.’’

‘‘आणि पालीच्या पुढे खड्ड्यात रिम वाकला की तू येणार का घ्यायला?’’

‘‘येतो की. त्यात काय.’’

आंबा घाट उतरून हा येणार. दुकानदार मात्र हसला आणि सरळ बोलला, ‘‘ताई, हायवेला काम चालू आहे ना अजून? मग पंधराच घ्या.’’ मला माणूस पटला.

बाजारातले नवे अलॉय घ्यायचे की झेडएक्सआयचे उतरवलेले, यावर बराच वेळ गेला. स्विफ्टला चार बोल्ट, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) १०० मिमी आणि हब (चाक ज्या मधल्या भागावर बसतं तो) बसायचं भोक ५४.१ मिमी. बाहेरचे बरेच अलॉय अनेक गाड्यांना बसावेत म्हणून मधलं भोक मोठं, ७३ मिमीच्या आसपास ठेवतात. मग मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग लागते. ती न घालता नुसत्या नटांवर चाक बसवलं तर ते हबच्या बरोबर मध्यावर बसेलच याची खात्री नाही, आणि ८०–९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंग करून करून थकतात. दुसरी भानगड ऑफसेटची (चाक हबवर किती आत बसतं त्याचं माप). तो कमी असला की चाक बाहेर येतं, दिसायला झकास, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि दारांवर चिखल उडतो.

कंपनीचे उतरवलेले अलॉय घेतले तर ही कटकट उरत नाही: रिंग नको, नट तेच, ऑफसेट तोच. कोणीतरी सोळा इंची घातले होते, त्याचे जुने दुकानात पडले होते. (भावाच्या पंथातलाच कोणीतरी.) चारही बॅलन्सिंग मशीनवर नुसते फिरवून घेतले. कड वर-खाली नाचते का ते बघायचं, आणि आतल्या बाजूची कड बोटाने चाचपायची. एकाला आतून वेल्डिंगचा जोड निघाला. लोखंडी रिम ठोकून सरळ करतात आणि तो पुढे वर्षानुवर्षं चालतो. अलॉयला एकदा तडा गेला की वेल्डिंगवर भरवसा ठेवायचा नाही. तो बदलून दुसरा घेतला. चारांचे साधारण पंधरा हजार.

टायर १८५/६५ आर १५, ८८ एच. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतची क्षमता. आधीच्या टायरचा भारांक ८५ होता, ५१५ किलो. तो त्याहून कमी झालेला चालत नाही, एवढं बघून घेतलं. उत्पादनाचा आठवडा चौघांचा याच वर्षातला मागितला. दुकानदाराने एक गेल्या पावसाळ्यातला मध्येच सरकवला होता, तो परत. एकेक टायर सुमारे ५,३०० रुपये, त्यात तेव्हाच्या दराने २८ टक्के जीएसटी. जुन्या साइजचे घेतले असते तर प्रत्येकी हजारभर वाचले असते.

चाकं डिकीत आणि मागच्या सीटवर घालून रत्नागिरीला. सगळी घरी बघून बसवायची आहेत.

९ मार्च, दुसरा शनिवार

शेजारच्यांकडे आंब्याच्या पेट्या तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. सीझन तोंडावर म्हणून तो बाहेर काढून ठेवलेलाच होता. आधी नवं चाक ठेवलं: १५ किलो २००. मग गाडीचं एक जुनं चाक उतरवून ठेवलं: १३ किलो ५००, झिजलेल्या टायरसकट. काका म्हणाले, ‘‘अलॉय हलके असतात म्हणतात ना?’’ रिम हलकाच आहे, पण टायर रुंद आणि जड. शिवाय ते वजन चाकाच्या कडेला, जिथे फिरवायला जास्त जोर लागतो. अलॉयने गाडी हलकी होते हे वाक्य यापुढे ऐकून घेणार नाही.

हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला. खाऱ्या हवेत पाच वर्षांत हबवर पापुद्रे साचतात आणि तसंच चाक चढवलं तर ते सपाट बसत नाही. नट हाताने फिरवून, मग समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी टॉर्क पान्याने (आवळायचा जोर मोजणाऱ्या) मॅन्युअलमधल्या आकड्याला. टायरवाले हवेच्या गनने खाडकन मारतात. मग रस्त्यात पंक्चर झालं की जॅकबरोबरच्या त्या छोट्या पान्याने नट हलता हलत नाही. विशेषतः माझ्या वजनाच्या माणसाकडून.

चोरीच्या भीतीने प्रत्येक चाकाला एक लॉकनट घेतलाय. त्याची किल्ली जॅकच्याच पिशवीत. घरच्या कपाटात ठेवली तर पंक्चरवाला काय करणार?

जुने लोखंडी रिम माळ्यावर. गाडी विकताना परत चढवून अलॉय वेगळे विकता येतील.

१० मार्च

पावसला जाऊन आले. परतल्यावर नट पुन्हा टॉर्कला तपासले. एक किंचित फिरला. नव्या चाकांनंतर शंभरेक किलोमीटरच्या आत हे करायचंच.

अलाइनमेंट शहरातच केली. मशीनचा छापील कागद मागून घेतला. पुढचा टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) थोडा बाहेर होता, तो सुधारला. ‘‘कँबरपण करून टाकू’’ म्हणाला. या गाडीला पुढचा कँबर (चाकाचा उभा कल) कंपनीच्या रचनेत फिरवायची सोयच नाही, तर काय करून टाकणार होता देव जाणे. नायट्रोजनलाही नाही म्हटलं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच.

३१ मार्च

मार्च एंडच्या धबडग्यात नोंदी राहिल्या. महिनाभराचं एकत्र लिहिते.

मायलेज: टाकी फुल, परत फुल, भागिले लिटर. आधी याच रस्त्याला लिटरला १९.४ च्या आसपास मिळायचं, आता १८.५. म्हणजे महिन्याला पाचेक लिटर जास्त, पाचशे रुपयांच्या वर. रुंद टायर, जास्त वजन, आणि थोडं नव्या रबराचंही. जाड खाचांचा टायर लोळताना जास्त लवतो, झिजला की मायलेज किंचित सुधारतं. पुढे बघू.

स्पीडोमीटर: मोबाइलच्या जीपीएसवर ७६ असताना मीटर ८० दाखवतो, आधीही तेवढंच. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही असा दंडक असल्यामुळे कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. व्यास मोठा केला की ही ऐपत संपत जाते.

स्टिअरिंग: जागेवर वळवताना किंचित जड. हायवेच्या सिमेंट काँक्रीटवर मात्र गाडी जास्त सरळ धरते, ट्रक ओलांडताना हलत नाही. आवाजही वाढलाय. पूर्वी काँक्रीटवर नुसता घूं आवाज होता, आता त्यात एक बारीक शिट्टी आहे.

ब्रेक: शाखेतले साहेब म्हणाले, ‘‘मोठी चाकं, आता ब्रेक चांगले लागत असतील.’’ डिस्क तीच, पॅड तेच. चांगलं थांबणं रबरामुळे, आणि नवं १६५ घातलं असतं तरी जुन्या कडक झालेल्या टायरपेक्षा ते कितीतरी लवकर थांबलं असतं.

२० एप्रिल

आतली सफाई. आज बरंच काही बाहेर गेलं.

पहिला मान मॅटचा. गाडी घेताना शोरूमने ‘सेव्हन-डी’ मॅट गळ्यात मारले होते: जाड, शिवणकाम केलेले, वर दोऱ्यांचं गवत. मूळ कार्पेटवर ते, त्यावर मी धुवायला सोपा म्हणून रबरी मॅट टाकलेला. एवढे थर क्लच पूर्ण खाली जाऊ देत नव्हते. तो खाली टेकतो की आधीच अडतो हे हात घालून बघितल्यावर कळलं: पेडलच्या मागे अंगठ्याएवढी जाडी जास्तीची. सेव्हन-डी उचलला तर खालचं कार्पेट गेल्या पावसाळ्यापासूनचं ओलसर, उग्र वास, सीटच्या रुळांच्या बोल्टवर गंज. वरून सगळं स्वच्छ. आता कार्पेटवर एकच रबरी मॅट, ड्रायव्हरच्या बाजूचा हुकाला अडकवलेला.

सीटकव्हर ठेवले. या गाडीला पुढच्या दोनच एअरबॅग आहेत, स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये. पण नणंदेने परवा सहा एअरबॅगवाली गाडी घेतली आणि त्याच दिवशी जाड रेक्झिनचे कव्हर शिवून घेतले. बाजूच्या एअरबॅग सीटच्या कडेतून फुटून बाहेर येतात. तिथे घट्ट शिवण असली तर त्या उघडणार कशा? तिला फोन करून सांगितलं. कडेला सुटी शिवण ठेवून, खास अशा गाड्यांसाठी बनवलेले कव्हर मिळतात.

डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला चिकटवलेली अत्तराची बाटली काढली. ती बरोबर एअरबॅगच्या झाकणावर होती. गणपतीची मूर्ती मधल्या भागात आहे, ती राहील.

मागच्या बंपरची स्टीलची नळी काढली. रिव्हर्स सेन्सर तिलाच भिंत समजून अधूनमधून बोंबलायचे. शिवाय ती चेसिसला बोल्टने बांधलेली, म्हणजे ठोकर बसली तर बंपर चुरडून धक्का खाण्याऐवजी तो सरळ आत जाणार. भंगारवाल्याने वजनावर घेतली.

१२ मे

हापूस. डिकीत आणि मागच्या सीटवर पेट्या, कोल्हापूर. निघण्यापूर्वी दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा हवेचा दाब बघितला आणि मागच्या चाकांना तेवढा भरला, घरीच, गाडी थंड असताना. पंपावरचा पोरगा प्रत्येक गाडीला विचारतो, ‘‘बत्तीस मारू?’’ तापल्या टायरमध्ये मोजलेला बत्तीस सकाळी थंड झाल्यावर बत्तीस राहत नाही. पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआयचा फरक पडतो.

मागे भार असला की नाक वर होतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली दिव्याची उंची कमी-जास्त करायचं गोल बटण आहे, ते दोनवर ठेवलं. हे बटण गाडीत फुकट मिळालेलं आहे आणि निम्म्या लोकांनी त्याला कधी हात लावलेला नसतो.

घाटात पंधरा इंचीचा फरक पहिल्यांदा नीट जाणवला. वळणात साइडवॉल कमी लवतो, गाडी हाताच्या ओंजळीत राहते. उतरताना दुसरा गिअर.

८ जून

पाऊस आला. मडफ्लॅप चारही लावलेत. लाल चिखल दारांच्या खालच्या कडेला बसून राहिला की रंग आणि मग पत्रा जातो, म्हणून कोकणात ही चैन समजू नये. खिडक्यांवरचे व्हायझरही राहिले. जोराच्या पावसात काच बोटभर उघडता येते आणि आत धुकं धरत नाही.

रुंद टायरबद्दल एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. खाच आणि दाब तोच असेल तर रुंद टायर साचलेल्या पाण्यावर जरा लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारायचं असतं. आज नव्या खाचांमुळे काही वाटलं नाही. पण म्हणूनच हे टायर तीन मिलिमीटरला उतरवायचे, १.६ ची वाट बघायची नाही.

१४ जुलै

आठवडाभर ७० च्या पुढे स्टिअरिंग थरथरत होतं. बॅलन्सिंगचं शिसं पडलं असणार असं वाटलं. अलॉयला बाहेरून कडेला अडकवायची वजनं लावत नाहीत, आतून चिकटपट्टीची लावतात आणि ती सुटतात. पुढचं डावं चाक काढून उलटं टाकलं. वजनं जागच्या जागी. पण आतल्या पोकळीत, एका बाजूला, जांभ्याच्या चिखलाचा तळहाताएवढा थर वाळून दगड झालेला. शेतावर गाडी दोन दिवस उभी होती, ओला चिखल खाली गोळा होऊन तिथेच सुकला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकला तेव्हा कवच्यासारखा निघाला. पाणी मारून चारही आतून धुतली. थरथर गेली.

लोखंडी रिमलाही चिखल बसायचा, पण १४ इंचीला आत एवढी रुंद सपाट जागाच नव्हती. आता पावसाळ्यात पाइप घेतला की बाहेरून चकचकीत करण्याआधी आतून धुवायचं.

११ ऑगस्ट

पंक्चर, पालीजवळ. पंक्चरवाल्याने दोरी घालून दिली, दहा मिनिटांत काम. आज शहरात टायर उतरवून आतून मशरूम पॅच (देठ भोकात आणि टोपी आतून चिकटते असं ठिगळ) लावून घेतला. दोरी तात्पुरती ठीक, पण ती घालताना सळी भोक मोठं करते आणि आतले तारांचे थर पाण्याला उघडे पडतात.

स्टेपनी अजून जुन्या १४ इंची लोखंडी रिमवरच आहे. व्यास जवळजवळ सारखा असल्यामुळे चालते, पण रुंदी आणि पकड वेगळी, म्हणून हळू आणि फक्त टायरवाल्यापर्यंत.

व्हॉल्ववर बसवायचे टोपणासारखे हवा दाखवणारे सेन्सर घेतले होते, ते काढून टाकले. अ‍ॅल्युमिनियमचं टोपण पितळी व्हॉल्ववर खाऱ्या हवेत असं घट्ट बसलं की एक पकडीनेच निघालं, आणि व्हॉल्वसकट. प्लास्टिकची साधी टोपणं, पाच रुपयांना.

५ सप्टेंबर

परवा गणपती. मुंबईहून चाकरमान्यांचा लोंढा सुरू. संध्याकाळी परतताना समोरून येणाऱ्या निम्म्या गाड्यांना पांढरे एलईडी. हॅलोजनचा ६०/५५ वॉटचा एच-४ बल्ब ज्या रिफ्लेक्टरसाठी बनलाय, त्यात एलईडीचा दांडा घातला की प्रकाश निघायची जागाच बदलते. लो बीमची वरची कापलेली रेघ राहत नाही, सगळीकडे फवारा. मालकाला समोर झगझगीत दिसतं, दूरचं दिसत नाही. पावसात तर पांढरी भिंत. मी साधेच बल्ब नवे घातले (जुने झाले की मंद होतात) आणि काचेचा पिवळेपणा पॉलिश करून काढला. साडेचारशे रुपये, फरक बघण्यासारखा.

चुलतदीर नव्या एसयूव्हीला पुढे बुलबार (बंपरपुढचा लोखंडी सांगाडा) लावून आलेत. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलंय की हे कलम ५२ च्या विरुद्ध आहे. पायी माणसाला धोका आहेच, आणि एअरबॅग उघडणारा धक्क्याचा सेन्सर ज्या पद्धतीने हिशोब करतो तोही बिघडतो. ‘‘गुरांसाठी लावलाय वहिनी,’’ म्हणाले. बेल्ट न लावताच त्याचा इशाऱ्याचा आवाज बंद करायला खाचेत घुसवायची ती क्लिपही त्यांच्याकडे होती. तिच्या ऑनलाइन विक्रीवर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बंदीचे आदेश काढले. सणाचे दिवस, मी क्लिप गपचूप उचलून ओटीवरच्या डब्यात टाकली.

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडी धुतली, झेंडूचं तोरण. चाकांखाली लिंबं. तोरण नंबरप्लेटवर येऊ दिलं नाही.

१७ नोव्हेंबर

विमा नूतनीकरण. अलॉय कळवले, पावती जोडली. डॅशकॅम बसवलाय, तोही विजेवर चालणारी जादा वस्तू म्हणून (इंडिया मोटर टॅरिफच्या आयएमटी २४ या कलमाखाली) थोडा प्रीमियम भरून नोंदवला. न नोंदवलेल्या वस्तूचे पैसे मागायला गेलं की काय होतं ते मी काउंटरच्या अलीकडून बघितलंय.

पॉलिसीत टायरबद्दलची ओळही वाचली: नुसत्या टायरचं नुकसान धरत नाहीत, गाडीलाही त्याच वेळी इजा झाली असेल तरच, आणि तेव्हाही बदलीच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे खड्ड्यात साइडवॉलला फुगा आला तर सगळं आपलंच. फुगा दुरुस्त होत नाही. टायर संरक्षणाचं वेगळं कव्हर मिळतं. १२० मिमी साइडवॉलला मी घेतलं नाही, १०७ असता तर घेतलं असतं.

डॅशकॅमची वायर कुठेही कापलेली नाही. फ्यूजच्या खोक्यात फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर देणारा जोड) घालून, किल्ली फिरवल्यावरच वीज येते अशा जागेवरून घेतली. वायर कापून जोड मारला की इलेक्ट्रिकच्या वॉरंटीचं भांडण सुरू. आणि कायम चालू ठेवलेला कॅमेरा जोडून आलेल्या सुट्टीत बॅटरी खाली बसवतो.

१५ डिसेंबर

टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले. पुढचे ६.३ मिमी, मागचे ७. झीज सरळ, कडा समान, म्हणजे अलाइनमेंट टिकलंय. मायलेज १८.७.

हिशोब मांडला. जुन्याच साइजचे चार टायर घेतले असते तर साधारण सतरा हजारांत काम झालं असतं. पंधरा इंचीला टायर आणि अलॉय मिळून छत्तीस. वर पेट्रोल महिन्याला पाचशे, पाच वर्षांत तीस हजार. तेव्हा जास्तीचा खर्च पन्नासच्या आत-बाहेर, अलॉय विकून थोडे परत येतील ते वजा. त्या बदल्यात घाटात वळणाला गाडी घट्ट, काँक्रीटवर सरळ, आणि पार्किंगमध्ये उभी असली की बरी दिसते. पावसात थांबण्यात जो मोठा फरक पडला तो मात्र ताज्या रबराचा, जास्तीच्या इंचाचा नाही. तो सतरा हजारांतही मिळाला असता. मला घाट वरचेवर लागतो आणि गाडी चालवायला आवडते, म्हणून ही चाकं राहणार.

शाखेतल्या शिपायांनी, राणेमामांनी, वॅगनआरसाठी विचारलं होतं. त्यांची गाडी फक्त लांजा–साटवली. त्यांना सांगितलं, रिम तेच ठेवा, साइज तोच, तारीख बघून चांगल्या कंपनीचे चार टायर आणि हबला घासून ब्रश मारा. मामांनी परवा टायर घातले. काल विचारत होते, ‘‘मॅडम, व्हीलकॅप पडतात हो, काय करू?’’ प्रत्येकी चार काळे झिपटाय, स्पोकमधून आवळून. वीस रुपयांत होतात. झिपटाय माझ्या ड्रॉवरमध्येच होते, दिले.

पुढचं काम: एप्रिलमध्ये अलाइनमेंटचा कागद नव्याने, मडफ्लॅपचे दोन स्क्रू गंजलेत ते स्टेनलेसचे.